मूळ रूप कोणते?

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर निफाड मागे पडले की थोड्याच वेळात विंचूर लागते. पेशवाईतील मातब्बर सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याला ज्या गावावरून विंचूरकर हे नाव पडले, ते हे गाव; परंतु आज गावाची ओळख विचारली तर सनदांपेक्षा कांद्याच्या लिलावाचीच आधी सांगितली जाते, कारण लासलगाव बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो आणि हंगामात ट्रॅक्टरांची व पिकअप गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेने लांबवर लागते. या रांगेत एके काळी जीपगाड्याही असत. आता जीप दिसते ती कांदाचाळीच्या आडोशाला, जुन्या बारदानाखाली, एका चाकाखाली दगड आणि बोनेटवर कोंबड्या अशा अवस्थेत. आणि गंमत अशी की, नेमक्या याच अवस्थेतील गाडी विकत घेण्यासाठी अलीकडे पुण्या-मुंबईची सुशिक्षित तरुण मंडळी आमच्या भागात चौकशी करीत हिंडू लागली आहेत.

या मंडळींच्या मनात घर करून बसलेली गाडी बहुधा जीप नसते. त्यांना हवी असते ती अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणून गाजलेली, तालमीच्या भाषेत बोलायचे तर पैलवान गाडी. ती मिळणे नाही हे कळल्यावर ते जीपकडे वळतात. जुनी अमेरिकी गाडी घ्यावी, सवडीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे ती हळूहळू उभी करावी, हा छंद आपल्या प्रदेशात कितपत शक्य आहे, त्याची सामग्री काय आणि अडचणी कोणत्या, याचा एकदा साकल्याने विचार करावा, असे मला गेली काही वर्षे वाटत होते. शिवाय या प्रकरणात माझे स्वतःचेही हात काळे झालेले असल्यामुळे त्रयस्थपणाचा आव मला आणता येणार नाही.

प्रथम त्या पैलवान गाडीविषयी. मध्यम आकाराच्या, साध्या, तुलनेने स्वस्त अशा गाडीत थोरल्या गाडीचे अवाढव्य आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे, एवढेच तिचे रहस्य. पाँटियाक कंपनीने 1964 सालच्या टेम्पेस्ट गाडीत 389 घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन घालून तिला जीटीओ हे नाव दिले, तेथपासून या प्रकाराचा आरंभ सामान्यतः मानला जातो. वास्तविक जनरल मोटर्सचा दंडक असा होता की, त्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये. परंतु पाँटियाकच्या अभियंत्यांनी, ज्यांत जॉन डिलोरियन हे प्रमुख होते, मोठे इंजिन ही गिऱ्हाइकाने मागितल्यास द्यावयाची जादा बाब असल्याचे कागदोपत्री दाखवून दंडकाला हात न लावता तो निकालात काढला. आमच्याकडील एखाद्या मुरलेल्या शिरस्तेदारानेही या पळवाटेला मान डोलावली असती. पुढे मस्टँग, कॅमारो, रोडरनर, चार्जर अशी नावे एकामागून एक आली. क्रायस्लरच्या 426 घन इंचांच्या ‘हेमी’ इंजिनाने 425 अश्वशक्तीचा दावा केला. आणि मग 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा, तरुण चालकांवर विमा कंपन्यांनी लादलेले भरमसाट हप्ते आणि ऑक्टोबर 1973 मधील तेलबंदी या तिहेरी आघाताने दहा वर्षांच्या आत हा सारा डामडौल आटोपला.

याच दशकात आपल्याकडे काय होते, हे पाहिले म्हणजे दोन जगांतील अंतर ध्यानी येते. त्या हेमी इंजिनाच्या एकेका सिलिंडरात सुमारे 870 घन सेंटिमीटर जागा होती. आणि आमच्या फियाट अकराशेचे चारही सिलिंडर एकत्र केले तरी बेरीज 1,089 च्या पुढे जात नव्हती. त्या फियाटसाठीसुद्धा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

ही गाडी आपल्याकडे आली नाही, याचे कारण आपली अभिरुची नव्हे, तर सरकारचे धोरण. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना घातला होता. फोर्डनेही मुंबईत तसाच उद्योग केला. परंतु 1953 मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने असे ठरवले की, ज्यांच्यापाशी येथेच भाग बनवण्याची क्रमबद्ध योजना नाही, त्यांनी केवळ जोडणीचा धंदा बंद करावा. त्याबरोबर या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढे आयातीचे परवाने इतके आवळले गेले की, एखादी मोठी अमेरिकी गाडी येथे दिसलीच तर ती बहुधा वकिलातीतील अधिकाऱ्याने आणलेली आणि त्याच्या बदलीनंतर राज्य व्यापार महामंडळामार्फत विकली गेलेली असे. अलीकडे जुन्या गाड्यांच्या आयातीवरील बंधने सैल झाली आहेत हे खरे, परंतु निरनिराळी शुल्के मिळून होणारी आकारणी मूळ किमतीलाही मागे टाकते. त्यातून गाडीचे स्टिअरिंग डावीकडे, आणि आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 120 वे कलम अशा गाडीविषयी वेगळी अट घालून बसलेले. परदेशातून मस्टँग आणणे हा छंद आहे, नाही असे नाही. पण त्यातील मुख्य कारागिरी जकातनाक्यावर होते, गॅरेजात नव्हे.

डेट्रॉईटच्या परिसरात मोटारधंद्यातील मराठी अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, तेथील महाराष्ट्र मंडळही जुने आहे. त्यांच्यापैकी कोणी घराला लागून असलेल्या गॅरेजात चार्जर उभी करून दर शनिवारी तिचा एकेक अवयव खोलून बसला, तर ते सर्वस्वी देशकालानुरूप होईल. तेथे साठ वर्षांपूर्वीच्या गाडीची खिडकीची रबरी पट्टीसुद्धा यादीतून क्रमांकाने मागवता येते आणि 1995 पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड मार्गावर अशा हजारो गाड्या मिरवतात. विंचूरला राहून त्या यादीकडे पाहणाऱ्याची स्थिती मात्र हलवायाच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या पोरासारखी होते.

तेव्हा आपल्या वाट्याला आलेला अमेरिकी वारसा कोणता, हे पाहणे अधिक फलदायी. त्याचे दोन ओघ आहेत. पहिला कुर्ल्याचा. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या व डॉज-फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. याच वालचंदांनी आमच्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगावची खडकाळ जमीन ऊसमळ्यात पालटली होती. आणि विमाने बनवण्याची जी कंपनी त्यांनी बंगळूरला उभारली, तिच्या उत्तरावताराचा मोठा कारखाना पुढे 1964 मध्ये आमच्याच निफाड तालुक्यात, ओझर येथे आला. एकाच माणसाच्या उद्योगाचे असे धागे एका तालुक्याच्या आसपास येऊन मिळावेत, याचे मला नेहमी नवल वाटते. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर एस. टी. धावू लागली, तेव्हा पहिल्या काही वर्षांच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर ही अमेरिकी नावे होती. मुंबईच्या टॅक्स्यांत, ‘डुक्कर फियाट’ सर्वत्र होण्यापूर्वी, डॉज आणि प्लिमथ होत्या. या मोटारी आज उरल्या त्या मुंबई-पुण्यातील मोजक्या शौकिनांकडे. त्यांची किंमत आणि त्यांचा बडेजाव पाहता हळूहळू उभी करण्याच्या गरिबाच्या छंदाशी त्यांचा संबंध जवळजवळ संपला आहे.

दुसरा ओघ जीपचा, आणि तोच आमच्या मातीत खऱ्या अर्थाने झिरपला. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या: 80 इंचांचे चाकांतर, 134 घन इंचांचे चार सिलिंडरांचे 60 अश्वशक्तीचे इंजिन, तीन गिअर आणि चारही चाकांना ओढ. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 1945 मध्ये मुंबईत जी पेढी काढली, तिने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. तोवर मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री होऊन गेले होते आणि पेढीचे नाव बदलले होते. पुढे या कंपनीने कारखान्यांचा पसारा वाढवला आणि आमच्या नाशिकला सातपूर येथेही ती आली.

जुनी गाडी ‘दुरुस्त केलेली आहे’ या शब्दावर घेऊ नये, हा धडा स्वतंत्र भारताने अगदी आरंभीच गिरवला, आणि तोही जीपवरच. 1948 मध्ये लष्करासाठी तातडीने गाड्या हव्या म्हणून लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी 2,000 जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. प्रत्यक्षात 155 गाड्या आल्या आणि त्याही लष्कराने नापसंत केल्या. संसदेत त्यावरून वर्षानुवर्षे वादळ झाले. राजकारणाचा भाग सोडला, तर तो मुळात वाहन न पाहता सौदा केल्याचा प्रश्न होता. सरकार फसते तेथे विंचूरच्या माणसाने फसू नये अशी अपेक्षाच चुकीची.

मीही फसलो. गावातील एका बागाईतदाराच्या चाळीतून मी उंच बोनेटची सीजे-थ्रीबी जीप घेतली, त्याला आता सहा वर्षे झाली. या नमुन्याचे बोनेट उंच असते, कारण तिच्या इंजिनात आत येणाऱ्या मिश्रणाचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्यामुळे इंजिनच उंचावले. युद्धातल्या बसक्या जीपचा डौल त्यामुळे गेला असे रसिक म्हणतात, मला मात्र ते उंच कपाळ आवडते. माझ्या गाडीतील मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच गेलेले होते आणि त्या जागी महिंद्रने प्यूजोच्या परवान्याने बनवलेले 2,112 घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन बसवलेले होते. मला मूळचेच इंजिन हवे, या हट्टाने मी उत्तरेकडील एका व्यापाऱ्याकडून छायाचित्रे पाहून पेट्रोल इंजिन मागवले. ते आले, हिरव्या ताज्या रंगाने चकचकीत होते. आणि आमच्या मिस्त्रींनी, चाचांनी, रॉकेलच्या फडक्याने ते पुसले तेव्हा पाण्याच्या कप्प्यावरची वीतभर तडा गेलेली जागा एम-सीलने लिंपलेली निघाली. “साहेब, हे इंजिन नाही, सारवलेली भिंत आहे,” एवढेच ते म्हणाले. व्यापाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

या प्रसंगानंतर मी कामाचा जो क्रम स्वीकारला, तो अनुभवी मिस्त्री नेहमीच सांगत आलेले असतात आणि हौशी माणूस नेहमीच उलटा धरतो. हौशी माणूस रंगापासून सुरुवात करतो. वास्तविक पत्र्यावर लांबी भरून रंग मारणे हे सर्वात शेवटचे काम. आधी चासी, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग वायरिंग, मग इंजिन. जुन्या जीपचे ब्रेक तेलावर चालत असले तरी चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर असतो. एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही, म्हणून ज्या दिवशी गाडी स्वतःच्या बळावर हलेल त्याच्या आधी तिला थांबता आले पाहिजे. चासीला गंज पकडतो तो आतून. कमानपाट्यांच्या कड्यांपाशी हातोडीने ठोकून आवाज ऐकला की पोकळपणा कळतो, कलिंगड पारखावे तसा. पाने इंचाचे लागतात. साधी गोष्ट, परंतु निम्म्या गॅरेजांत आता फक्त मिलिमीटरचे पाने उरले आहेत, आणि इंची बोल्टावर मिलिमीटरचा पाना चालवून बोल्टाच्या कडा गोल करणे हा जुन्या गाडीवरचा सर्वात मोठा अत्याचार मी रोज होताना पाहतो.

सामान मिळण्याच्या बाबतीत मात्र नाशिक जिल्हा भाग्यवान म्हणावा लागेल, आणि हे भाग्य मोटारींच्या शौकाने नव्हे, शेतीने व कारखान्यांनी दिले आहे. जीपचा 6.00-16 मापाचा टायर हाच अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचा टायर, त्यामुळे तो लासलगावला कोणत्याही टायरवाल्याकडे मागता येतो. फक्त ट्रॅक्टरसाठी घडवलेला सरळ कंगोऱ्यांचा टायर रस्त्यावरील वेगासाठी नसतो, हे न विसरता जीपचाच मागावा. ओझरच्या विमान कारखान्याने आणि सातपूर-अंबडच्या वसाहतींनी तीन पिढ्यांचे टर्नर, फिटर व ग्राइंडर घडवले. त्यांच्यापैकी कित्येकजण निवृत्तीनंतर स्वतःचे लेथ टाकून बसले आहेत. मायको कंपनीच्या नाशिक कारखान्यात डिझेलचे नोझल बनत आल्यामुळे या भागात डिझेल पंप व नोझल जाणणारा माणूस शोधावा लागत नाही. पेट्रोलच्या कार्बोरेटरचे जेट आणि डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट कानाने लावणारे मिस्त्री तेवढे विरळ होत चालले; आमचे चाचा येवल्याच्या विंचूर चौफुलीवरून मोटारसायकलने येतात, सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली या कामासाठी एकही पोरगा टिकत नाही.

इंधनाचे प्रकरण त्याहून बिकट. पेट्रोलमधील शिसे 2000 साली देशभर बंद झाले, ते योग्यच झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी शिशाअभावी लवकर झिजतात, पण त्यावर कठीण धातूच्या कड्या बसवण्याचा उपाय आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. उसापासून निघणाऱ्या या द्रव्यावर आमच्याच कारखानदारीचे हित अवलंबून असल्यामुळे त्याविरुद्ध तक्रार करणे मला जड जाते. तथापि ते जुन्या रबरी नळ्या मऊ करते, हवेतील पाणी ओढून घेते आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज धरवते. ज्याला पेट्रोलचीच जीप ठेवायची आहे त्याने नळ्या, वायसर व डायफ्रॅम नव्या प्रकारच्या रबराचे घालावेत आणि टाकी फार दिवस भरून ठेवू नये.

येथपर्यंतचे सारे प्रश्न पैशाने, चिकाटीने किंवा मिस्त्रींच्या कृपेने सुटणारे आहेत. न सुटणारा प्रश्न कायद्याने उभा केला आहे, आणि तो मला या सर्व विषयाचा गाभा वाटतो. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली: नवीन नोंदणीस 20,000 रुपये, पुढील नोंदणीस 5,000, दहा वर्षांची मुदत आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला अर्थातच मनाई. अट अशी की, वाहन मूळ रूपात राखलेले असावे; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. कागदावर ही अट निर्दोष दिसते. परंतु तिचा अर्थ आमच्या भागात असा होतो की, जी जीप एखाद्या बंगल्याच्या आवारात पन्नास वर्षे निजून राहिली ती विंटेज. आणि जिने कांदा ओढला, बाळंतिणींना निफाडच्या दवाखान्यात पोचवले, टंचाईत पाण्याचे पिंप वाहिले आणि पेट्रोल परवडेना म्हणून ऐंशीच्या दशकात डिझेलचे इंजिन पोटात घेतले, ती केवळ जुनी, म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणीस नेण्याची, 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपयांवर नेलेले शुल्क भरण्याची आणि पर्यावरण कर सोसण्याची गाडी. काम न केल्याचे बक्षीस आणि काम केल्याचा दंड, असा हा उलटा न्याय आहे.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. बनावट गाड्यांचा धंदा येथे जोरात आहे. नव्या चासीवर जुन्या क्रमांकाची पट्टी ठोकून ‘1942 ची अस्सल’ म्हणून जीप विकणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि क्रमांक जुळवून पाहणे हे गाडी घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहेच. नोंदणी पुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक, मालकांची साखळी, कर्ज-बोजा यांची शहानिशा सातबाऱ्यावरील फेरफार पाहावेत तितक्या काटेकोरपणे करावी. इंजिन बदललेले असेल तर कायद्याप्रमाणे परिवहन कचेरीची मंजुरी घेतली गेली होती की नाही, हे पाहावे. माझ्या जीपच्या बाबतीत ती 1987 मध्ये रीतसर घेतलेली निघाली, आणि त्या पुसट शिक्क्याइतका आनंद मला गाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भागाने दिला नाही.

परंतु मूळ रूप म्हणजे काय, हा प्रश्न त्या शिक्क्याने अधिकच अवघड केला. आपल्याकडे जीर्णोद्धाराची कल्पना जुनी आहे. देवळाचा कळस पडला तर नवा चढवतात, सभामंडप वाढवतात, दगडी फरशीवर संगमरवर घालतात (हे शेवटचे मला मुळीच आवडत नाही), आणि तरी देऊळ तेच राहते, कारण गाभाऱ्यात पूजा खंडित झालेली नसते. पाश्चात्य संग्राहकाची कल्पना निराळी: कारखान्यातून निघालेल्या दिवशी वस्तू जशी होती, त्या एका क्षणाकडे तिला परत न्यायचे. अमेरिकेत, जेथे गाडीच्या प्रत्येक खिळ्याची नोंद उपलब्ध आहे, तेथे तो आग्रह समजण्यासारखा आहे. आमच्या जीपच्या बाबतीत त्या एका दिवसानंतरची पन्नास-साठ वर्षेच तिचे चरित्र आहेत. ती पुसून टाकून तिला पुन्हा माझगावच्या दारात उभी करणे, हे मला जीर्णोद्धारापेक्षा विस्मरणाच्या अधिक जवळचे वाटू लागले आहे. मुंबईतील माझे एक शौकीन मित्र या मताला अडाणीपणा म्हणतात. त्यांच्या डॉजचा रंग 1950 च्या रंगपत्रकाशी तंतोतंत जुळतो, आणि ती गाडी वर्षातून एकदा, मिरवणुकीपुरती, बाहेर पडते. त्यांच्या निष्ठेचा मला आदर आहे. परंतु सरकारी जीपगाड्यांचे काय झाले ते पाहा: 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द झाली, आणि तहसील कचेऱ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या उरल्यासुरल्या जीपा भंगारात गेल्या. त्यांना मूळ रूपाचीही संधी मिळाली नाही आणि चालू रूपाचीही.

तडकलेले पेट्रोल इंजिन अजून माझ्या चाळीच्या कोपऱ्यात आहे. सातपूरच्या एका वेल्डरने बीड तापवून सांधणे शक्य असल्याचे सांगितले, खर्चही सांगितला, आणि तो मी दोन हंगाम पुढे ढकलला आहे. मधल्या काळात ब्रेक झाले, स्टिअरिंगचा ढिलेपणा गेला, वायरिंग हॉर्नपर्यंत आले. परवा चाचांनी डिझेल इंजिनाचे नोझल बसवून सेल्फ मारला, तेव्हा पांढरा धूर चाळीभर पसरला, कांदे निवडणाऱ्या बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि मूळ मालकांची ऐंशी वर्षांची आई काठी टेकत कुंपणापर्यंत आली. “हिचा आवाज असाच होता,” ती म्हणाली. चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, हिला ओढायला लावायचे की मिरवायचे, ते एकदा ठरवा, त्यावर क्लचची प्लेट कोणती आणायची ते ठरेल.” मी म्हणालो, ओढायची आणा.